रिमफायर रायफलसाठी दुर्बीण घेताना माझी झालेली फसवणूक

२०२४ च्या हिवाळ्याच्या तोंडावर मी पेनसिल्व्हेनियातल्या एका बंदुकांच्या प्रदर्शनात १४० डॉलर रोख मोजून रायफलवर बसवायची दुर्बीण घेतली आणि ती बनावट निघाली. रक्कम फार मोठी नव्हती. परंतु ती बनावट आहे हे कळायला मला पाच महिने लागले, आणि त्या पाच महिन्यांत मी रायफलला दोष दिला, काडतुसांना दिला, स्वतःच्या डोळ्यांना दिला; दुर्बिणीवर मात्र कधी संशय घेतला नाही, कारण तिच्यावर एका जुन्या, नामांकित कंपनीचे नाव होते. माझ्या ओळखीची तीन-चार मराठी कुटुंबे अलीकडे रायफलने नेम मारण्याच्या छंदाकडे वळली आहेत आणि त्यांतील दोघांनी मला विचारले की पहिली दुर्बीण कोणती घ्यावी. त्यांना जे सांगितले ते सविस्तर लिहून ठेवतो.

कॉलेजात असताना साताऱ्याला एनसीसीमध्ये आम्हाला पॉइंट टू-टू (.२२) रायफल चालवायला मिळत असे. २५ यार्डांवरचे लक्ष्य, पोटावर झोपून झाडलेल्या पाच गोळ्या आणि नंतर कागदावर त्या पाच छिद्रांचा ‘ग्रुप’ किती लहान आला ते मोजणारे हवालदार, हे चित्र माझ्या मनातून कधी गेले नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हा ते जुने दिवस पुन्हा आठवले आणि दोन महिन्यांत मी एक साधी बोल्टची, म्हणजे दर गोळीनंतर हाताने खीळ ओढायची, .२२ रायफल घेतली. कुसाळे ज्या प्रकारात नेम धरतात त्यात दुर्बीण चालत नाही. त्यांना नेम धरण्यासाठी रायफलवरच्या बारीक छिद्राच्या साइटमधूनच पाहावे लागते. परंतु मी आता ५४ वर्षांचा आहे. मागची खाच, पुढची माशी आणि लांबचे लक्ष्य या तीन अंतरांवरच्या गोष्टी माझ्या डोळ्याला एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. त्यामुळे दुर्बीण ही माझी गरज होती, हौस नव्हे.

कोणती घ्यायची याचा अभ्यास मी केला होता, हे मुद्दाम सांगतो. .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासून चालत आलेले आहे. त्याची पेट घेणारी दारू बुडाच्या मध्यभागी नसून कडेच्या पोकळीत असते, म्हणून त्याला रिमफायर म्हणतात. त्याची गोळी साधारण ४० ग्रेनची (सुमारे २.६ ग्रॅम), वेग सेकंदाला हजार-बाराशे फूट. ५० यार्डांवर नेम जुळवला तर १०० यार्डांपर्यंत ती सहा-सात इंच खाली येते. म्हणजे हा सगळा खेळ बहुतांशी २५ ते ७५ यार्डांतला. अशा अंतरावर दुपटीपासून सातपटीपर्यंत बदलणारी, ३२ मिलिमीटरच्या पुढच्या भिंगाची दुर्बीण पुरेशी असते. सातपटीला ३२ भागिले ७ म्हणजे साडेचार मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यापर्यंत येतो आणि संध्याकाळच्या उजेडातही तो पुरतो. याहून मोठी शक्ती घेतली तर लक्ष्य मोठे दिसते, पण दृश्याचा आवाका कमी होतो, हातांचा कंपही तेवढाच मोठा दिसतो आणि नवखा माणूस त्या कंपाशी झगडत बसतो. इतके मला माहीत होते, आणि प्रदर्शनातल्या विक्रेत्याने मला जे दाखवले ते नेमके हेच होते.

प्रदर्शनात त्याच्या टेबलावर नव्या पेट्या नीट रचलेल्या होत्या. साठीच्या आसपासचा, मृदू बोलणारा गृहस्थ. एक दुकान बंद झाले, त्याचा शिल्लक माल आपण उचलला, म्हणून दुकानात अडीचशेला मिळणारी वस्तू १४० ला देतो, असे त्याने सांगितले. पेटीवर दोन ते सात पट, रिमफायर, सगळे छापलेले. भिंगांवर पारदर्शक कागद, आत पुस्तिका, वॉरंटीचे कार्ड. पॅरॅलॅक्स (डोळा हलला की दुर्बिणीतली रेघ लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसणे) किती अंतराला जुळवला आहे, असे मी विचारले तेव्हा तो क्षणाचाही विलंब न लावता “५० यार्ड” म्हणाला. पावती मागितली तेव्हा त्याने जे उत्तर दिले त्यावर मी आजही विचार करतो. ही कंपनी आयुष्यभराची हमी देते आणि त्यासाठी पावती मागत नाही, असे तो म्हणाला. हे वाक्य खरे होते. कंपनीचे ते धोरण मी स्वतः वाचलेले होते, आणि म्हणूनच माझा विश्वास बसला. ती हमी फक्त कंपनीने बनवलेल्या दुर्बिणीला असते, हा विचार त्या वेळी माझ्या मनात आला नाही.

मी दुर्बीण उचलून सभागृहाच्या टोकाच्या भिंतीवरची पाटी पाहिली. अक्षरे स्वच्छ दिसली. ट्यूबलाइटच्या उजेडात, साठ-सत्तर फुटांवर, पन्नास डॉलरची दुर्बीणही स्वच्छच दिसते, हे मला आता कळते.

पुढचे पाच महिने थोडक्यात सांगतो. ५० यार्डांवर माझा ग्रुप कधी एक इंचाचा येई, कधी तीन इंचांचा. आज जुळवलेला नेम पुढच्या शनिवारी दीड इंच उजवीकडे सरकलेला असे. मी चार कंपन्यांची काडतुसे वापरून पाहिली, नळी पुन्हा पुन्हा साफ केली, दस्त्याचे स्क्रू मोजून घट्ट केले, चष्म्याचा नंबर तपासून आलो. एनसीसीत जे जमत होते ते आता जमत नाही, असे समजून मी रायफल विकण्यापर्यंत आलो होतो.

रेंजवर शेजारच्या बाकावर नेहमी येणारे एक वयस्कर गृहस्थ, ज्यांचे सारे आयुष्य लेथ मशीनवर गेले, त्यांनी एके सकाळी मला थांबवले आणि रायफल वाळूच्या पिशव्यांवर पक्की टेकवायला सांगितली. आता रायफलला हात न लावता फक्त डोळा वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवून पाहा, असे ते म्हणाले. मी पाहिले तर लक्ष्य स्थिर होते, रायफल स्थिर होती, आणि दुर्बिणीतली उभी-आडवी रेघ लक्ष्यावरून जवळजवळ दोन सेंटिमीटर सरकत होती.

हाच पॅरॅलॅक्स. दुर्बीण ज्या अंतराला जुळवलेली असते त्या अंतरावर डोळा थोडा बाजूला गेला तरी रेघ हलत नाही. इतर अंतरांवर हलते. रिमफायरसाठी बनवलेल्या दुर्बिणी ५० किंवा ६० यार्डांना जुळवलेल्या असतात, मोठ्या रायफलींच्या १०० किंवा १५० ला. हिशेब सोपा आहे: पुढच्या भिंगाच्या निम्म्या व्यासाला, लक्ष्याचे अंतर आणि जुळवलेले अंतर यांतल्या फरकाने गुणायचे आणि जुळवलेल्या अंतराने भागायचे. ३२ मिलिमीटरचे भिंग १५० यार्डांना जुळवलेले असेल तर ५० यार्डांवर एका बाजूला जास्तीत जास्त सुमारे १०.७ मिलिमीटर चूक होते, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन सेंटिमीटरांहून थोडी अधिक. मला जे दिसले ते जवळपास तेवढेच. डोळा दर वेळी बरोबर मध्यावर ठेवला तर ही चूक शून्य होते, त्यामुळे मोठ्या रायफलची अस्सल दुर्बीण .२२ वर लावणारे अनेक जण समाधानी असतात आणि त्यात काही गैर नाही. गैर हे की मला ५० यार्ड सांगून दुसरेच काही विकले गेले होते.

तरीही दीड इंच नेम सरकण्याचे कारण पॅरॅलॅक्स असू शकत नाही, असे त्या लेथवाल्या गृहस्थांचे म्हणणे पडले. मग आम्ही चौकोनाची चाचणी केली. एका ठिकाणी नेम धरून तीन गोळ्या झाडायच्या. नेम तोच ठेवून दुर्बिणीचे टरेट (नेम जुळवायचे बटण) ४० क्लिक, म्हणजे ४० खटके, वर फिरवायचे, तीन गोळ्या. ४० क्लिक उजवीकडे, तीन गोळ्या. मग तितकेच खाली आणि तितकेच डावीकडे. एक क्लिक पाव मिनिट कोनाचा (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) असेल तर ४० क्लिक म्हणजे ५० यार्डांवर साधारण सव्वापाच इंच, आणि शेवटच्या तीन गोळ्या पहिल्या तीन छिद्रांवर यायला हव्यात. माझ्या दुर्बिणीने वर साडेतीन इंच दिले, उजवीकडे जवळपास सहा, आणि परत आली ती मूळ जागेपासून पावणेदोन इंच दूर. पटीची कडी दोनवरून सातवर फिरवली की गोळी पडण्याची जागा आणखी वेगळी. ती गोळी कुठे जाणार हे मला कधीच ठाऊक नव्हते, आणि .२२ च्या काडतुसांच्या डब्यांवर दीड मैलापर्यंत धोका असल्याची सूचना छापलेली असते. रेंजमागे मातीचा उंच बांध होता म्हणून मी आज हे केवळ फसवणूक म्हणून लिहू शकतो.

त्या रात्री मी रायफल साफ करायच्या द्रावणाचा बोळा दुर्बिणीच्या नळीवर फिरवला तर कंपनीच्या नावातली दोन अक्षरे पुसट झाली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केले. कंपनीने जाहीर केलेल्या वजनापेक्षा ते ७० ग्रॅम जास्त भरले. टोपणे घट्ट लावून ती कोमट पाण्यात बुडवली तेव्हा वरच्या टरेटच्या बुडातून बुडबुड्यांची माळ निघाली. अस्सल दुर्बिणीत कोरडा नायट्रोजन किंवा आर्गॉन भरून ती बंद केलेली असते, तिच्यातून एकही बुडबुडा येता कामा नये. जानेवारीत काचेच्या आतल्या बाजूला धुके धरत होते ते यामुळेच, आणि तेव्हाही मी थंडीला बोल लावला होता. वस्तू परत करण्याची संधी शिल्लक असेल तर पाण्याची चाचणी मात्र कोणी करू नये, कारण मग विक्रेता बिघाडाचा दोष तुमच्यावर ढकलेल. शेवटी मी कंपनीला अनुक्रमांक कळवला. तो क्रमांक त्यांच्याच एका वेगळ्या, मोठ्या दुर्बिणीचा आहे आणि माझ्याकडची वस्तू त्यांची नाही, असे त्यांनी दुसऱ्याच दिवशी कळवले.

राज्याच्या अॅटर्नी जनरलच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे मी तक्रार नोंदवली. परंतु तिला जोडायला माझ्याकडे ना पावती होती, ना त्या माणसाचे नाव. क्रेडिट कार्डाने पैसे दिले असते तर १९७४ च्या फेअर क्रेडिट बिलिंग कायद्यानुसार, कबूल केलेली वस्तू मिळाली नाही या कारणावरून बिल आल्यापासून ६० दिवसांत लेखी हरकत घेता आली असती. पाच महिन्यांनी तीही मुदत गेली असती, म्हणून चाचण्या पहिल्या आठवड्यात करायच्या असतात. टेबलावर उभे असताना चाचणी होत नाही, पण अनुक्रमांकाचा फोटो काढून कंपनीला तिथूनच फोन करता येतो, आणि त्याला जो विक्रेता नकार देईल त्याच्याकडून घेऊ नये. मी हे केले असते तर तो काय म्हणाला असता, हे मी अनेकदा मनाशी रंगवून पाहिले आहे.

मे महिन्यात त्याच सभागृहात पुन्हा प्रदर्शन भरले तेव्हा मी कंपनीच्या पत्राची प्रत घेऊन गेलो. त्याच्या जागी दुसराच कोणी सुऱ्या विकत होता. पत्राची प्रत मी आयोजकांकडे दिली. नंतर तशीच दुर्बीण मी अधिकृत दुकानातून २४० डॉलरला, कार्डाने, पावती घेऊन विकत घेतली आणि पहिल्याच रविवारी चौकोनाची चाचणी केली. शेवटच्या तीन गोळ्यांपैकी दोन पहिल्या छिद्रांना चिकटून पडल्या, तिसरी बोटभर वर, आणि तो दोष माझ्या श्वासाचा होता.

जुनी दुर्बीण आहे तशी साठ डॉलरला घेतो, असे रेंजवर एकाने विचारले होते. मी ती त्या लेथवाल्या गृहस्थांकडे नेली आणि नळीवर, नावाच्या बरोबर खाली, ती बनावट असल्याचे खोल कोरून घेतले.