सुपर कप: एका सामन्यात उरकायचा की दोन?

ज्या फुटबॉल मंडळाची लीगही असते आणि नॉकआउट कपही, तिथे हंगाम संपत आला की कुणीतरी म्हणतंच, "दोन्ही विजेत्यांना एकदा समोरासमोर आणू या." हाच सुपर कप. इथपर्यंत सगळ्यांचं जमतं. पुढे एकच सामना ठेवायचा, की एक त्यांच्याकडे, एक आपल्याकडे आणि दोन्हींचे गोल मिळून निकाल, यावर बैठक अडते. बडोद्यात तरी मी हेच पाहिलंय: खजिनदार एकच्या बाजूने, खेळाडू दोनच्या बाजूने, आणि चहा संपेपर्यंत कुणीच हलत नाही.

माझ्या मते भांडण चुकीच्या प्रश्नावर चालू असतं. "न्याय्य काय" हे नंतर बघू. आधी विचारा, दोन्ही संघांना आपापलं मैदान आहे का? दोन सामन्यांची पद्धत घर आणि परकं मैदान या फरकावरच उभी आहे. कुठल्या कोपऱ्यात मुरूम वर आलाय, चारनंतर उन्हं कुठल्या गोलकीपरच्या डोळ्यांवर येतात, कोणत्या बाजूने चेंडू टप्पा पडल्यावर चुकीचा उसळतो, हे घरच्या पोरांना पाठ असतं. मांजलपूरच्या संघाला फतेगंजच्या मैदानावर जाऊन खेळावं लागलं, आणि पुढच्या रविवारी उलट, तर त्या दोन सामन्यांना अर्थ आहे. दोघंही एकाच भाड्याच्या मैदानावर खेळणार असतील, तर दुसरा सामना कशाला? वेळही जातो, भाडंही.

मैदानं दोन आहेत असं धरू. मग स्पेनकडे बघायला हवं, कारण लीग विजेता विरुद्ध कप विजेता ही लढत त्यांनी 1982 ते 2017 दोन सामन्यांत खेळवली. दोन सामन्यांत काय मिळतं ते 2010 साली दिसलं. सेव्हियाने आपल्या मैदानावर बार्सिलोनाला 3-1 हरवलं. बार्सिलोनाचे नेहमीचे बरेच खेळाडू पहिल्या अकरात नव्हते. आठवड्याने कॅम्प नोऊवर, म्हणजे बार्सिलोनाच्या घरच्या मैदानावर, ते परतले, मेस्सीने तीन गोल केले आणि सामना 4-0. एकच सामना असता तर ट्रॉफी सेव्हियाची होती. कुणी म्हणेल, मग असायलाच हवी होती, पूर्ण संघ न उतरवणं ही बार्सिलोनाची चूक. पटतं मला ते. पण आपल्याकडे अर्धा संघ नोकरीवाला असतो, एकाची शिफ्ट, एकाच्या घरी लग्न. एका रविवारच्या गैरहजेरीवर वर्षाचा हिशेब लावणं मला जड जातं.

उलट बाजूही स्पेनमध्येच आहे. 2015 साली अ‍ॅथलेटिक बिल्बाओने घरच्या मैदानावर बार्सिलोनाला 4-0 धुतलं, अदुरिसचे तीन गोल. बिल्बाओला एकतीस वर्षांनी मोठी ट्रॉफी मिळणार होती, पण ती उचलायला तीन दिवस थांबावं लागलं आणि दुसरा सामना 1-1 असा रेटत संपला. पहिल्या सामन्यात तीन-चार गोलांचा फरक पडला की दुसऱ्या रविवारी प्रेक्षक येत नाहीत. मंडळाला हा धोका खरा आहे. स्पेनमध्ये निदान टीव्हीचे पैसे तरी येतात.

वैर असलं तर आणखी एक गोष्ट. 2011 साली रेआल माद्रिद आणि बार्सिलोनाचा दुसरा सामना 3-2 ने संपता संपता मैदानाच्या कडेला झोंबाझोंबी झाली आणि रेआलचा प्रशिक्षक मोरिन्योने बार्सिलोनाच्या सहायक प्रशिक्षकाच्या डोळ्यात बोट घातलं. पहिल्या सामन्यातला राग आठवडाभर मुरतो. तुमच्या दोन वाड्यांमध्ये आधीच धुसफूस असेल, तर हे लक्षात घ्या.

इंग्लंडचं सोपं आहे. त्यांचा सुपर कप म्हणजे कम्युनिटी शील्ड, एकच सामना, नव्वद मिनिटांनंतर बरोबरी असली की थेट पेनल्टी. 1993 च्या आधी बरोबरी झाली तर ट्रॉफी दोघांत वाटून घ्यायचे. ते आपल्याकडे नको, फोटोसाठी मारामारी होईल.

बैठकीत एखादे काका तिसरा पर्याय काढतातच: दोन्ही उपविजेते घ्या, चार संघ करा. स्पेनने 2020 पासून तेच केलं आणि पहिल्याच वर्षी सौदी अरेबियातल्या जेद्दाहमध्ये अंतिम सामना रेआल माद्रिद आणि अ‍ॅटलेटिको माद्रिदमध्ये झाला. लीग जिंकलेला बार्सिलोना आणि कप जिंकलेला वालेन्सिया दोघंही आधीच बाहेर. विजेत्यांच्या स्पर्धेत विजेताच शिल्लक नाही! काकांना नमस्कार करून पुढे चला.

आता बडोद्याचं कॅलेंडर. हंगाम थंडीत संपतो असं धरलं तर दोन रविवारांच्या मधे उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण, येण्याचा संभव फार. 14 आणि 15 जानेवारीला कुणी बूट घालणार नाही, ते सोडाच. त्यानंतरच्या रविवारी मैदानभर मांजा पडलेला असतो. गवतात दिसत नाही, स्टडमध्ये गुंततो, आणि पळता पळता घोट्याभोवती आवळला की कातडी सोलतो. सामन्याआधी दोन-तीन पोरांना काठ्या देऊन मैदान आडवं-उभं फिरवून घ्या, हे काम खर्चाच्या यादीत कधीच नसतं. शिवाय त्या दिवसांत सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो. चारला सुरू केलेला सामना पावणेसहाच्या पुढे संपतो. वर अर्ध्या तासाचा जादा वेळ म्हणजे अंधारात चेंडू शोधणं. म्हणून एक असो वा दोन, जादा वेळ नको, थेट पेनल्टी.

दोन सामने ठेवलेत तर बाहेरच्या गोलांचा नियमही टाळा, म्हणजे एकूण गोल सारखे झाले तर परक्या मैदानावर जास्त गोल केलेला संघ जिंकतो तो. 2012 साली रेआल आणि बार्सिलोना 4-4 बरोबरीत होते आणि बाहेर जास्त गोल म्हणून रेआलला ट्रॉफी मिळाली. युरोपची फुटबॉल संघटना यूएफाने तो नियम 2021 मध्येच आपल्या स्पर्धांतून काढला. दुसरा सामना लीग विजेत्याच्या मैदानावर ठेवा, स्पेनमध्ये साधारण तसंच असायचं. वर्षभर खेळून लीग जिंकली त्याचा तेवढा फायदा त्यांना मिळावा.

माझा कौल: मैदानं दोन असतील, वैर हाताबाहेरचं नसेल आणि पंचांचे, चुन्याचे, पाण्याचे पैसे दुप्पट द्यायला खजिनदार तयार असतील, तर दोन सामने. यातलं एक जरी नसेल तर एकच सामना, तिऱ्हाईत मैदानावर, आणि तोही उत्तरायणाच्या आधी.

आणि लीग-कप दोन्ही एकाच संघाने मारले तर समोर कोण, हे हंगामाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवा. इंग्लंडमध्ये अशा वेळी लीगचा उपविजेता खेळतो, स्पेनमध्ये कपच्या उपविजेत्याला घेत. मी कपच्या उपविजेत्याला घेईन, कारण अंतिम सामना हरलेल्या संघाला परत संधी मिळाली की तो पूर्ण अकरा घेऊन येतो.