फुकटचा फॉन्ट मला सहा हजारांना पडला

गेली अकरा वर्षं मी दुकानांचे बोर्ड करतो. मार्चमध्ये एका व्यायामशाळेचं काम आलं. मालकांना ठसठशीत, चौकोनी, पण कोपरे गोलावलेली अक्षरं हवी होती. ॲक्रिलिकला हे वळण फार मानवतं. राउटरचं, म्हणजे ॲक्रिलिक कापायच्या मशीनचं, बिट (फिरणारं पातं) गोल असतं, आतला कोपरा टोकदार निघतच नाही. अक्षराचाच कोपरा गोल असला की काढलेलं आणि कापलेलं जुळतं. रेघ जाड असल्याने आत एलईडीही नीट बसतात. (पत्त्याची बारीक ओळ मात्र यात लावू नका, दुरून ष आणि प सारखेच दिसतात.) इंग्रजीत हे वळण जुनंच, इटलीत तुरिनच्या नेबिओलो फाउंड्रीसाठी (अक्षरं घडवणाऱ्या कंपनीसाठी) आल्दो नोवारेसेने केलेला युरोस्टाइल हा फॉन्ट १९६२ चा आहे. देवनागरीत तसं काही शोधत असताना ओळखीतून एका फॉन्टवाल्याचा नंबर मिळाला.

"दादा, महाराष्ट्रात फक्त तुमच्याकडे असेल," तो म्हणाला. नमुन्याची चित्रं खरंच सुरेख होती. साडेचार हजार भरले, शिक्का मारलेलं लायसन्स आलं. मीही मालकांना शब्द देऊन बसलो की ही अक्षरं दुसऱ्या कुठल्या पाटीवर दिसणार नाहीत.

फाइल टाकून 'व्यायामशाळा' टाइप केलं, तर पहिल्याच व चा पाय मोडलेला आणि या सुटा. फोन केला तर म्हणे जोडाक्षरांचं पॅकेज वेगळं, पंधराशे. काम अडलं होतं, तेही भरले. त्यानंतर त्याचा फोन लागलाच नाही.

माझी भाची उपयोजित कला शिकते. तिने फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधलं डिटेल्स उघडलं. फॉन्टचं नाव बदललेलं, पण कॉपीराइटची ओळ तशीच होती: २०१४, इंडियन टाइप फाउंड्री. तो 'राजधानी' नावाच्या फॉन्टचा बोल्ड, म्हणजे जाड प्रकार होता. अहमदाबादच्या फाउंड्रीचा, गुगल फॉन्ट्सवर कुणालाही फुकट मिळणारा. नाव बदलून फाइल पुन्हा काढताना जोडाक्षरांची जोडणी गळली असणार, कारण मूळ फाइल उतरवून घेतली आणि 'व्यायामशाळा' पहिल्या फटक्यात नीट उमटलं. त्याच्या ओपन फॉन्ट लायसन्समध्ये धंद्यासाठी वापरायला मोकळीक आहे, बदल करायलाही आहे. नुसता फॉन्ट विकायला नाही, आणि मूळ कॉपीराइट सोबत ठेवावाच लागतो. माझ्याकडचं शिक्क्याचं लायसन्स म्हणजे निव्वळ रद्दी.

म्हणून बोर्डवाल्या, छपाईवाल्या सगळ्यांना कळकळीने सांगतो, चित्रं बघून पैसे देऊ नका. चाचणीची फाइल मागा आणि स्वतःच्या हाताने श्रद्धा, ज्ञानेश्वर, क्षत्रिय, दुसऱ्या असे शब्द टाइप करा. डिटेल्समधली कॉपीराइटची ओळ वाचा. 'फक्त तुमच्यासाठी' म्हणणाऱ्याकडून तसं करारात लिहून घ्या. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच कळवा. मी लाजेपोटी नऊ दिवस घालवले.

मालकांना मी सगळं खरं सांगितलं. पैशांपेक्षा त्यांना दिलेला शब्द मोडल्याचं मला जास्त लागलं होतं. त्यांनी तीच अक्षरं ठेवायला सांगितली. बोर्ड मूळ फाइलवरून कापला, आणि मजुरी मी घेतली नाही.