साताऱ्याच्या उन्हाळ्यात पत्र्याचा कूलर: पैसे वसूल, पण खिडकीबाहेर बसवला तरच

आधी निकाल. तीन बाजूंनी गवत, पुढे 18 इंची फॅन आणि खाली 60 लिटरच्या आसपास टाकी असलेला, फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घेतलेला पत्र्याचा कूलर साताऱ्यात मार्चपासून मेच्या मध्यापर्यंत उत्तम चालतो. 12 बाय 12 च्या खोलीला एवढ्या कमी विजेत एवढा गारवा देणारं दुसरं काही नाही. वळवाचे पाऊस सुरू झाले की त्याची निम्मी ताकद जाते. आणि तो खोलीच्या आत ठेवलात तर पहिल्या दिवसापासूनच पैसे वाया.

सातारा समुद्रसपाटीपासून चोवीसशे फुटांच्या आसपास. कूलरच्या दृष्टीने उंचीपेक्षाही कोरड्या दुपारा महत्त्वाच्या. हवेचं तापमान 38 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असेल, तर पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा जास्तीत जास्त 21 अंशांपर्यंत उतरू शकते. चांगलं भरलेलं नवं गवत या फरकाचा सुमारे पाऊण भाग काढतं, म्हणजे कूलरच्या तोंडाशी 25-26 अंशांची हवा मिळते. खोलीत भिंती आणि स्लॅबची उष्णता मिसळून ती 29-30 वर स्थिरावते. तेच मेच्या अखेरीस, 34 अंश आणि 55 टक्के आर्द्रतेत, तोंडाशीच साडेअठ्ठावीस. पारा कमी दिसतो, पण अंग चिकचिकतं. कृष्णाकाठी, उसाच्या पट्ट्यात, सांगलीकडे हा त्रास आधीच जाणवू लागतो.

दुकानात तीन प्रकार समोर येतात. उंच निमुळता टॉवर कूलर दिसायला देखणा, पण त्याचं पॅड लहान आणि तो खोलीतलीच हवा फिरवतो. तासाभरात खोलीचं न्हाणीघर होतं. प्लॅस्टिकचा ब्रँडेड डेझर्ट कूलर गंजत नाही, शॉकची भीती कमी, चाकांवर सरकतो. भाड्याच्या घरात तोच बरा, फक्त त्याची पाठ उघड्या खिडकीला किंवा गॅलरीच्या दाराला लावायची. पत्र्याचा कूलर अवजड, आवाज करणारा आणि ओबडधोबड. पण त्याचा प्रत्येक भाग सुटा मिळतो आणि कुठलाही मोटर वाइंडिंगवाला तो दुरुस्त करतो.

पत्र्याचा घेताना दुकानदाराला गेज विचारा. 24 गेजचा पत्रा फॅनच्या धक्क्याने थरथरतो, 22 गेज जाड असतो (गेजचा आकडा लहान तेवढा पत्रा जाड). मोटरचं वाइंडिंग तांब्याचं हवं. अॅल्युमिनियमचं स्वस्त पडतं, पण लवकर तापतं आणि जळतं. फॅन मिनिटाला 1400 फेऱ्यांचा असेल तर झोपायच्या खोलीत आवाज सहन होत नाही. 900 फेऱ्यांचा मागा, हवा थोडी कमी पण झोप लागते. टाकीच्या आतून डांबरी रंगाचे दोन हात नवा असतानाच मारून घ्या, कारण पत्रा आधी गंजतो तो टाकीच्या कोपऱ्यात आणि वेल्डिंगच्या जोडावर.

खोक्यावरच्या हवेच्या आकड्यांवर फार जाऊ नका. तो आकडा समोर काहीही अडथळा नसतानाचा असतो. हिशेब सोपा आहे: खोलीतली सगळी हवा दीड मिनिटात एकदा बदलायला हवी. 12 बाय 12 बाय 10 फुटांची खोली म्हणजे सुमारे 41 घनमीटर, म्हणजे तासाला साडेसोळाशे घनमीटर. खरे 2000 मिळाले तर पुरे.

बसवण्यातच बहुतेक घरं चुकतात. कूलर खिडकीबाहेर, तीनही जाळ्या मोकळ्या हवेत, आणि समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार साधारण 3 चौरस फूट उघडं. सगळं बंद करून कूलर लावला की आत गेलेली ओल बाहेर पडत नाही आणि गारवा थांबतो. एसीची सवय असलेल्यांना हे उलटं वाटतं. पश्चिमेची खिडकी टाळा. तीच एक असेल तर कूलरवर सावली करा, नाहीतर उन्हात पत्रा आणि टाकी दोन्ही तापतात. वजनही लक्षात घ्या: 60 किलो पाणी आणि 25 किलोच्या आसपास सांगाडा. तो ग्रिलला तारेने टांगायचा नसतो. अँगलचं स्टँड जमिनीवरून उभं करा, वरच्या मजल्यावर भिंतीत अँकर बोल्टने ब्रॅकेट बसवून घ्या.

गवत म्हणून जे मिळतं ते लाकडाचे बारीक तंतू असतात. स्वस्त आणि पहिले दोन महिने झकास. मग पाण्याच्या वजनाने ते खाली बसतं आणि जाळीच्या वरच्या बाजूला दोन-तीन इंचांची फट पडते. हवा सोपी वाट धरते, त्या फटीतून कोरडी गरम घुसते. “यंदा कूलर गार देत नाही” या तक्रारीमागे बहुतेक वेळा एवढंच असतं. जाळी उघडून गवत वर ओढा, कमी पडलं तर मूठभर भरा. फार ठासूनही भरू नका, हवाच अडते. वाळ्याच्या पॅडला सुगंध छान, पण ते लवकर कुजतं आणि हवाही जास्त अडवतं. हनीकॉम्ब पॅड महाग, पण नीट सांभाळलं तर दोन-तीन हंगाम टिकतं. ते उलटं बसवलेलं मात्र सर्रास दिसतं. त्यातल्या नळ्यांचे दोन उतार असतात, एक तीव्र आणि एक सौम्य. तीव्र उतार हवा आत येते त्या बाहेरच्या बाजूकडे खाली झुकलेला हवा. उलटं बसलं की पाणी पुढे ढकललं जातं आणि अंथरुणावर तुषार उडतात.

पंप सुरू करून पंधरा मिनिटांनी तीनही जाळ्यांवरून हात फिरवा. कुठे कोरडा पट्टा लागला तर वरच्या पन्हाळीतलं भोक क्षारांनी बुजलेलं असतं, दाभणाने मोकळं करा. पंप टाकीच्या तळाला टेकवू नका. विटेच्या तुकड्यावर ठेवा, तोंडाला जुना पायमोजा गुंडाळा. गाळ पंपाच्या आतल्या पंख्यात अडकला की पंप गुणगुणतो पण पाणी चढवत नाही, आणि टाकी आटल्यावर चालत राहिला तर जळतो.

पाणी किती लागतं हे विक्रेते सांगत नाहीत. कडक कोरड्या दुपारी या आकाराचा कूलर तासाला 10 लिटरच्या आसपास पाणी उडवतो, म्हणजे 60 लिटरची टाकी सहा तासांची. नळाला ठरावीक वेळी पाणी येत असेल तर गच्चीवरच्या टाकीतून नळी घेऊन फ्लोट व्हॉल्व्ह (टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा) बसवा. कास तलावाचं नळाचं पाणी असेल तर क्षारांचा त्रास कमी. बोअरचं असेल तर उडून जातं ते फक्त पाणी, क्षार टाकीतच साठत जातात. अशा वेळी टाकी तीन-चार दिवसांनी पूर्ण रिकामी करा. पांढरा थर धरलेला पंप कोमट पाण्यात लिंबूसत्व घालून तासभर बुडवला की सुटतो. पाणी कसलंही असो, आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करून कडा घासायलाच हव्यात. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात, कडेला अंडी घालतो.

बर्फ टाकण्याची हौस फुकट आहे. एक लिटर पाणी उडून जाताना जेवढी उष्णता ओढून नेतं, त्याच्या साधारण सातव्या हिश्श्याइतकीच एक किलो बर्फ वितळून ओढतो. दोन किलो बर्फाचा फायदा जेमतेम दोन मिनिटांचा. ‘आइस चेंबर’ची जाहिरात वाचून जास्त पैसे मोजू नका.

या कूलरचा खरा दोष शॉक. पत्रा, पाणी आणि वीज एकाच खोक्यात आहेत. तीन पिनांचा प्लग, सांगाड्याला बोल्टने घट्ट केलेली अर्थिंगची वायर आणि घरातलं अर्थिंग खरंच काम करतं याची इलेक्ट्रिशियनकडून तपासणी, यात तडजोड नको. जुन्या वाड्यांच्या वायरिंगमध्ये तिसरी पिन पुष्कळदा नुसती नावाला असते. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) बोर्डात असावाच. पाणी भरताना स्विच बंद करून थांबू नका, प्लग काढा. पोरं ओल्या पायांनी जाळीला हात लावतात, म्हणून जमिनीपासून चार फूट उंची बरी.

वीज? फॅन आणि पंप मिळून 200 वॅट धरा, आठ तासांत 1.6 युनिट. दीड टनी एसी तेवढ्या वेळात याच्या चार-पाच पट खातो, आणि महावितरणच्या बिलात 100 युनिटांपुढे दर चढतो हे वेगळं. साइनवेव्ह इन्व्हर्टरवर कूलर बिनतक्रार चालतो. साध्या स्क्वेअरवेव्हवर मोटर घुमते.

साताऱ्यात मात्र याचा सर्वांत मोठा उपयोग रात्री आहे, तोही पाण्याशिवाय. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत आत उष्णता सोडत राहतो. बाहेर अजिंक्यताऱ्याकडून गार वारा सुटलेला असतो आणि आत पंखा गरम हवाच घुसळत असतो. रात्री नऊनंतर पंप बंद करा, फॅन सुरू ठेवा, समोरची खिडकी उघडी. कूलर तासाला दोन हजार घनमीटर बाहेरची हवा आत ढकलतो आणि स्लॅब पहाटेपर्यंत निवतो. सकाळी आठला खिडक्या-पडदे बंद, दुपारी बारापर्यंत कूलरची गरजच पडत नाही. गच्चीवर मार्चमध्ये चुन्याचे दोन हात मारलेले असतील तर आणखी उशिरा.

महाबळेश्वर-पाचगणीला, साडेचार हजार फुटांच्या आसपास, हा कूलर घेऊ नका. हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात 40 अंशांपासून करतं, डोंगराळ भागात 30 पासूनच. आकड्यानं घाबरायला होतं, पण तिथे तापतो तो पत्र्याच्या छताखालचा पोटमाळा. छताखाली सीलिंग आणि वरच्या बाजूला हवा जायला झरोका, एवढ्यानं काम होतं.

जूनमध्ये गवत काढून फेकून द्या, पुढच्या वर्षी तेच चालवू नका. टाकी पुसून दोन दिवस उन्हात कोरडी करा, मोटरच्या बुशात (दांडा फिरतो त्या कड्यात) शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब सोडा, पंप काढून कपाटात ठेवा. झाकायला प्लॅस्टिक नको, आत वाफ धरून पत्रा गंजतो. जुनं गोणपाट घाला, तेही पागोळी पडणार नाही अशा जागी.