अपघात दाव्यांची वकिली: जखमीची बाजू की विमा कंपनीची?
गोव्यात मोटार अपघात दाव्यांत उतरायचं, तर आधी बाजू ठरवा. विमा कंपनीच्या पॅनेलवर काम नियमित, फी ठरलेली. युक्तिवाद मात्र बहुधा परवाना आणि पॉलिसीच्या अटींभोवती फिरतो.

जखमीच्या बाजूला पंचनामा, अपंगत्वाचा दाखला, कमाईचा पुरावा, सगळं तुम्हीच जमवायचं. समजा, बांबोळीच्या गोमेकॉतून (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळातून) पाय गमावून आलेला मोटरसायकल पायलट, म्हणजे दुचाकीवरून भाड्याने प्रवासी नेणारा, तुमचा अशील आहे. त्याच्याकडे पगाराची स्लिप कुठली? उत्पन्न साक्षीदारांतून उभं करावं लागतं. वय 32 असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालानुसार (2009) गुणक, म्हणजे भरपाई काढताना उत्पन्नाच्या वार्षिक नुकसानीला ज्याने गुणतात तो आकडा, 16. म्हणजे सिद्ध झालेल्या वार्षिक उत्पन्नातला प्रत्येक रुपया मोलाचा. भरपाईतला टक्का फी म्हणून घ्यायला बार कौन्सिलची मनाई आहे, त्यामुळे सुरुवातीला ओढाताण होणारच. तरी नवोदितांनी हीच बाजू घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.