अक्षर खरं होतं, रेकॉर्ड दुसरीच

जुन्या रेकॉर्ड विकत घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय. विशेषतः ज्यांना वाटतं की इतक्या वर्षांनंतर आपल्याला कोण फसवणार, त्यांच्यासाठी. मलाही तसंच वाटायचं. ३८० पौंड गेले.

गिरगावातून लंडनला मी १९७४ साली आलो. जॅझचं वेड लावलं ते इथल्या एका इंग्रज सहकाऱ्याने. संगीतकारांच्या युनियनच्या वादामुळे १९५६ पर्यंत अमेरिकन जॅझ बँड ब्रिटनमध्ये जवळजवळ येतच नसत. त्याचं तरुणपण त्या काळातलं. "आम्ही माणसं ऐकली नाहीत, तबकड्या ऐकल्या," असं तो म्हणायचा. शनिवारी तो मला चेअरिंग क्रॉस रोडवर ७७ नंबरच्या डोबेल्स या जॅझ रेकॉर्डच्या दुकानात न्यायचा. ते दुकान पुढे जागा बदलून १९९२ मध्ये कायमचं बंद झालं. मग चॅरिटीची दुकानं, कार बूट सेल (गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकण्याचे बाजार), चर्चच्या हॉलमधले रेकॉर्ड बाजार. खोक्यात वाकून वाकून पाठीची वाट लागली, पण घरी दोन भिंती भरल्या.

एका रेकॉर्डची जागा मात्र तीस वर्षं रिकामी होती. 'हम दोनो', १९६९, कोलंबिया कंपनीची लॅन्सडाऊन मालिका. जमैकाचा ज्यो हॅरियट सॅक्सोफोनवर आणि गिटारवर अमान्सियो डिसिल्वा. हा डिसिल्वा मुंबईत जन्मलेला, घराणं गोव्याचं. त्यातल्या एका रचनेचं नावच 'बॅलड फॉर गोवा'. हे नाव मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा परदेशात अचानक आपल्या चाळीतला माणूस भेटावा तसं झालं होतं. व्यवहारात माणूस असा हळवा झाला की समोरच्याचं अर्धं काम तिथेच होतं, पण ते नंतर कळलं.

ऑक्टोबरमधला रविवार. लंडनबाहेरच्या एका गावात टाउन हॉलमध्ये बाजार होता, चार वाजत आले होते, लोक खोकी बांधत होते. एका टेबलामागे पन्नाशीचा, स्वेटर घातलेला, बोलायला फार गोड माणूस. काकांचा संग्रह विकतोय म्हणाला. आणि खोक्यात तिसरीच 'हम दोनो'. किंमत ४२० पौंड. लिलावात मी ती याच्या दुपटीहून जास्त किमतीला गेलेली पाहिली होती.

मी घाई केली नाही, हे मुद्दाम सांगतो. खिशातून टॉर्च काढला, भिंग काढलं. कव्हर खरं होतं: पुढे लॅमिनेशन, मागे साधा कागद, कडेला पन्नास वर्षांचा पिवळेपणा. मग तबकडी उजेडात धरली. कोलंबिया ज्यांची, त्या ईएमआयच्या त्या काळच्या तबकड्यांवर लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्ट्यात खुणा ठोकलेल्या असतात. मॅट्रिक्स नंबर (रेकॉर्डच्या त्या बाजूचा स्वतःचा क्रमांक) खाली येईल अशी तबकडी धरली, तर घड्याळात तीन वाजतात तिथे एक अक्षर आणि नऊ वाजतात तिथे एक आकडा. ते अक्षर 'ग्रामोफोन लिमिटेड'च्या इंग्रजी अक्षरांतून घेतलेलं: जी म्हणजे १, आर म्हणजे २, ए म्हणजे ३, एम म्हणजे ४. दाबायचा साचा कितवा, ते त्यावरून कळतं. मला तिथे दिसला 'जी'. नऊच्या जागी १. पहिला साचा! हात थरथरले हो.

ऐकून बघू का, असं विचारलं. "प्लेयरची सुई तुटली, सकाळीच," तो म्हणाला. आणि लगेच, "रोख देत असाल तर ३८०." मी कोपऱ्यावरच्या मशीनमधून पैसे काढून आणले. पावती मागितली नाही. लाज वाटली मागायला.

रात्री जेवण झाल्यावर सुई ठेवली. खरखर, आणि मग ढोल, ट्रम्पेट, झांजा. लष्करी बँड, अगदी कवायतीच्या तालात. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, वरात कुणाची आली?"

दुसरी बाजू लावली. तिथेही वरातच.

मग जे बाजारात करायचं होतं ते घरी केलं. लेबलवर छापलेल्या रचना मोजल्या, त्याच बाजूवरच्या पट्ट्या मोजल्या (एका रचनेची एक पट्टी). पट्ट्या सहा, रचना त्याहून कमी. याला चार सेकंद लागतात. लेबलाच्या कडेवर नख फिरवलं, तर नख अडकलं. खरं लेबल चिकटवलेलं नसतं. ते गरम व्हायनिलबरोबरच दाबलं जातं, कड बोटाला लागत नाही. वाफेवर धरल्यावर कागद सुटला आणि खालून बँडचं मूळ लेबल निघालं. त्याच कंपनीची, त्याच काळातली, कुठल्याही चॅरिटीच्या दुकानात पौंडाला मिळणारी एलपी.

म्हणजे 'जी' खरा होता. तो बँडच्या रेकॉर्डचा पहिला साचा होता. मी खुणा खऱ्या आहेत का ते पाहिलं, कशाच्या आहेत ते पाहिलंच नाही. मॅट्रिक्स नंबर भिंगाखाली स्पष्ट दिसत होता. फोनवर शोधून ताडून बघायला दोन मिनिटं लागली असती. नवख्या माणसाने कदाचित विचारलं असतं, "हा आकडा काय आहे?" मी विचारलं नाही, कारण मला येत होतं ना!

त्याने दिलेला फोन नंबर अस्तित्वातच नव्हता. बाजार भरवणाऱ्यांनी सांगितलं की टेबल एका दिवसापुरतं रोखीने घेतलेलं, त्यांच्याकडे त्याचं नाव तेवढं होतं. पोलिसांत ऑनलाइन तक्रार केली, क्रमांक मिळाला. पुढे काही नाही. क्रेडिट कार्डाने घेतली असती तर १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याचं कलम ७५ होतं. १०० पौंडांहून महाग आणि ३०,००० पर्यंतच्या वस्तूसाठी, विकणारा व्यापारी असेल तर, कार्ड कंपनीलाही जबाबदार धरता येतं. पण 'काकांचा संग्रह' विकणाऱ्याकडे कार्डाचं मशीन कुठलं? ४० पौंड वाचवले, त्यात हे गेलं.

अशी रिकामी कव्हरं सुटी विकली जातात, हे मला नंतर समजलं. 'फक्त कव्हर, तबकडी नाही' अशा जाहिराती असतात, प्रामाणिक लोकांच्याही. माझ्याकडचं कव्हरही तसंच कुठून तरी आलं असणार. मी ही हकीकत इथल्या संग्राहकांत सांगितल्यावर महिन्याभरात एकाने निरोप धाडला, कव्हर द्याल का, ६० पौंड देतो. ओळखीचा नव्हता. कशाला हवंय विचारलं, तर भिंतीवर फ्रेम करायला म्हणाला. असेलही.

मी जाड काळं पेन घेतलं आणि कव्हरच्या मागे, वादकांच्या नावांवरून आडवं, मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलं की आत रेकॉर्ड नाही. खाली मराठीतही लिहिलं. पन्नास वर्षांत कव्हरवर पेन टेकवायची ती पहिलीच वेळ.