पूर्ण जुळणारा परका की अर्धा जुळणारा घरचा?
ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, अस्थिमज्जेचं (बोन मॅरो) प्रत्यारोपण करायचं तर दात्याचा एचएलए, म्हणजे पेशींवरची ओळखखूण, रुग्णाशी जुळावा लागतो. एका सख्ख्या भावंडाचा तो पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्केच. नाही जुळला, की दोन वाटा उरतात.

रजिस्ट्रीतला, म्हणजे स्वेच्छेने नाव नोंदवलेल्यांच्या यादीतला, परका दाता पूर्ण जुळला तर उत्तमच. पण लोकसंख्येच्या मानाने भारतीय दात्यांची नोंदणी तुटपुंजी, परदेशातून पेशी मागवायच्या तर खर्च भरमसाट, आणि ऐनवेळी दात्याच्या घरचेच मोडता घालतात. ल्युकेमिया तोवर थांबत नाही.

अर्धा जुळणारा दाता म्हणजे आई, बाप किंवा मूल, बहुधा हाताशीच. दात्याच्या पेशी रुग्णाच्याच शरीरावर उलटण्याची पूर्वी मोठी धास्ती होती. प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे औषध देऊ लागल्यापासून ती बरीच आटोक्यात आली. जंतुसंसर्गाची जोखीम मात्र आहेच. घाई असेल तर माझा कल घरच्याकडे.

उपचारांसाठी मुंबई-पुण्यात महिनोन्महिने भाड्याने राहणं दोन्हीकडे चुकत नाही.