छातीचा पट्टा घेतला ठोक्यांसाठी, कामी आला पोटाच्या

पाचवा किलोमीटर आला की माझ्या पोटात मुरडा ठरलेला. खाण्याच्या वेळा बदलल्या, पाणी कमी-जास्त केलं, फरक शून्य. मनगटावरच्या घड्याळावर तर माझा विश्वासच उडाला होता. गप्पा मारत धावत असले तरी ते पावलांचा ताल पकडून हृदयाचे ठोके मिनिटाला १७० दाखवायचं, म्हणून तो आकडा बघणंच मी सोडलं होतं.

दोन महिन्यांपूर्वी हा ठोके मोजणारा, छातीवर बांधायचा पट्टा घेतला. पहिल्याच आठवड्यात चोर सापडला: मुरडा येतो तेव्हा ठोके १६५ च्या वर. १४० च्या आत ठेवले तर दहा किलोमीटर पोट गप्प.

बसल्या जागी हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलतं. त्यातलं जवळजवळ पाव जठर, आतडी, यकृत यांच्याकडे जातं, पाचवा हिस्सा किडन्यांकडे. धावायला लागलं की पायांचे स्नायू हात पसरतात आणि पोटाकडच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. हे एकदम होत नाही, जोर वाढेल तसतसं वाढतं. अगदी जीव तोडून पळताना पोटाकडचं रक्त एरवीच्या पाचव्या हिश्श्यावर येऊ शकतं. मेंदूचा वाटा मात्र शाबूत राहतो, शरीराला कुणाला उपाशी ठेवायचं ते बरोबर कळतं! त्यात उकाडा असला तर कातडीही रक्त मागते, अंगातलं पाणी घटलेलं असलं तर आणखी ओढाताण. उन्हातल्या धावा मला का बाधायच्या, ते आता कळलं.

पट्टा पोटातलं रक्त मोजत नाही, हे लक्षात असू द्या. तो फक्त ठोके सांगतो, अंदाज आपण बांधायचा. शौचातून रक्त दिसलं तर पट्टा बाजूला ठेवून डॉक्टर गाठा.

तक्रारी आहेत. कोरडाच बांधला तर घाम येईपर्यंत, म्हणजे पहिली पाच-सात मिनिटं, वाट्टेल ते आकडे दाखवतो. आतली बाजू नळाखाली ओली करायची. ब्राच्या कडेखाली त्याने मला चांगला लाल वळ उठवला, आता तिथे व्हॅसलीन लावते. ॲपने २२० मधून वय वजा करून झोन, म्हणजे ठोक्यांचे टप्पे, आखले होते, ते माझ्या अंगाला अजिबात बसले नाहीत. मुरड्याचा आकडा धरून मीच नवे टाकले.

चार तारे. पाचवा त्या वळासाठी कापला.